टकटकमावशीची दारं

तिला सगळे टकटकमावशी म्हणतात. गाडी दुकानासमोर उभी राहिली की ती मालकाशी बोलायच्या आधी गाडीच्या दारावर मधल्या बोटाच्या पेराने टकटक करते आणि कान देऊन ऐकते. पुढे दोन दारं, प्रत्येकी चार टकटक. मग मान हलवते. मान आडवी हलली की मालक पाकीट चाचपतो, आणि उभी हलली तरी चाचपतो, कारण उभी मान आजवर फारशी कुणी पाहिलेली नाही.

"पत्र्याचा डबा आहे," ती म्हणते. "यात तुम्ही सोन्याचा स्पीकर बसवलात तरी तो डब्यासारखाच वाजणार."

आजूबाजूच्या चार दुकानांत बेस वाढवायचा एकच उपाय आहे. डिकीत टेबलाएवढा वूफरचा डबा ठेवायचा आणि मागच्या सीटवर बसणाऱ्याचे दात मोजायचे. मावशी डिकीकडे ढुंकूनही बघत नाही. तिचं सगळं राज्य पुढच्या दोन दारांत. गाडीत आधीपासून असलेल्या त्याच साध्या स्पीकरमधून ती असा बेस काढते की माणूस उतरून सीटखाली वाकून बघतो, इथे काही लपवलंय का म्हणून. मावशी ते बघण्यासाठी मुद्दाम दुकानाच्या पायरीवर उभी राहते. तेवढी हौस तिला आहे.

हे ती कुठे शिकली नाही. लग्न होऊन आली तेव्हा हे दुकान निव्वळ सीटकव्हरचं होतं. नवरा मशीनवर बसून रेक्झिन शिवायचा आणि ती दारांची आतली पॅड रेक्झिन चढवायला काढून द्यायची, कारण पॅडच्या आतल्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्या न तोडता काढायला हलका हात लागतो. नवऱ्याचा हात हलका नव्हता. त्याने एक पॅड काढलं की तीन खिट्ट्या शहीद व्हायच्या. तर अशी शेकडो दारं तिने आतून पाहिली. आत काय, तर काच उचलायचं मशीन, दोन-चार वायरी आणि हाताचा पंजा आरपार जाईल एवढाली भोकं. एका गिऱ्हाइकाचं दार खडखडायचं म्हणून तिने उरलेल्या जाड फोमच्या पट्ट्या आतून चिकटवल्या आणि मोठं भोक रेक्झिनच्या तुकड्याने बंद केलं. चार दिवसांनी तो माणूस परत आला आणि विचारू लागला, "माझ्या डाव्या बाजूचा स्पीकर कधी बदललात?"

तिने बदललाच नव्हता. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दारं शिरली ती आजतागायत बाहेर आली नाहीत.

कुणी विचारलं, की ती हाताचा पंजा पुढे-मागे हलवून समजावते. "हा स्पीकरचा पडदा. हा पुढे गेला की तुमच्याकडे हवा ढकलतो आणि त्याच वेळी मागची हवा खेचतो. मधे भिंत असेल तर ठीक. पण भिंतीला भोकं असतील तर पुढची हवा वळसा घालून मागे जाते आणि दोघी एकमेकींना गिळून टाकतात. तुमच्यापर्यंत काय येतं? नुसती चिवचिव. बारीक आवाज वाचतो, जाडा मरतो." म्हणून आधी बाहेरच्या पत्र्याला आतून काळे जड चिकट तुकडे लावायचे, म्हणजे तो थरथरणार नाही. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं ॲल्युमिनियमच्या चकत्यांनी बंद करायची. स्पीकरखाली प्लायवुडची जाड गोल कडी, कडीला फोमची पट्टी, म्हणजे एक फटसुद्धा राहणार नाही. शेवटी पॅड, आणि खिट्ट्या सगळ्या जिवंत.

सुरुवातीला या उत्साहात तिने एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीची दारं अशी काही बंद केली की तळातल्या बारीक फटीही सोडल्या नाहीत. काचेवरून आत उतरलेलं पाणी त्या फटींतून खाली जातं हे तिला कुठे ठाऊक होतं? महिन्याभराने डॉक्टरीणबाई आल्या. दार उघडलं की आत डुबुक डुबुक वाजायचं. "बेस उत्तम आहे हो," त्या म्हणाल्या, "पण आता मासे सोडू का?" तेव्हापासून तळाच्या फटी मावशी स्वतः बोट घालून तपासते आणि मगच पॅड लावते.

तर अशा या मावशीकडे एका गुरुवारी सकाळी एक निळी छोटी गाडी आली. गाडी चालवत होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. कडक इस्त्रीची साडी, नाकावर घसरलेला चष्मा आणि गाडी पार्क केल्यावर चाकं सरळ आहेत का ते उतरून बघण्याची सवय.

मावशीने टकटक केली. मान आडवी.

"मला नापास करू नका," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मला शनिवारपर्यंत पास व्हायचंय."

"शनिवारी काय आहे, बाई?"

"मुलगा येतोय. दुपारी त्याला विमानतळावरून आणायचंय. तीन तासांचा रस्ता, आणि गाडीत आम्ही दोघंच."

मुलगा बेस गिटार वाजवायचा. बाईंनी त्याला गणित शिकवलं होतं. बेस गिटार तो स्वतःच्या जबाबदारीवर शिकला. पंधरा वर्षं तो शहरात इथे-तिथे वाजवत राहिला आणि आता पहिल्यांदा त्याने अशा गाण्यात वाजवलं होतं, जे भाजीवाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळे गुणगुणत होते. बाईंनी ते गाडीत चाळीसेक वेळा तरी ऐकलं होतं. आणि चाळीसही वेळा त्यांना त्यात मुलगा सापडला नव्हता.

"फोनवर त्याने विचारलं, कसं वाटलं आई? मी म्हटलं, सुरुवात तर फारच छान वाजवलीस." बाईंनी चष्मा वर सरकवला. "तो म्हणाला, आई, सुरुवातीला मी नाहीच आहे. मी दुसऱ्या कडव्याला येतो."

"अरे देवा."

"ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, असू दे." बाईंनी गाडीच्या टपावरची धूळ बोटाने पुसली. "आयुष्यभर पोरांना सांगितलं, समजलं नसेल तर समजलं असं म्हणू नका. आणि मीच... आता शनिवारी तीन तास तो शेजारी बसणार. तो पुन्हा विचारणार नाही, तो तसला नाहीच. पण मला सांगायचंय. खरं ऐकून खरं सांगायचंय. त्या कोपऱ्यावरचे म्हणाले डिकीत डबा लावू, पण डिकीत माझी गॅसची टाकी आहे."

"डबा नकोच," मावशी म्हणाली. "उद्या दुपारी चारला या. तुमचा मुलगा याच दारांत आहे. फक्त पत्र्यात अडकलाय."

एवढं ठणकावून ती बोलली, कारण तिला खात्रीच होती. मावशीची खात्री ही बघण्यासारखी गोष्ट आहे. ती कंबरेवर हात ठेवते तेव्हा उभ्या गाड्याही जरा सावरून बसतात.

शुक्रवारी सकाळी आठला तिने डावं दार उघडलं. खिडकीच्या कडेपासून सुरुवात करून एकेक खिट्टी सोडवली, पॅड गोधडीवर उताणं ठेवलं, आतलं फाटकं प्लॅस्टिक काढलं, पत्रा पुसून कोरडा केला. स्पीकर काढताना मात्र तिचा हात थांबला.

"हे कोण शहाणं?" ती दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ऐकलं का, अहो! कुठल्या तरी दिवट्याने डाव्या स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्यात. काळ्या पट्ट्याची वायर वजाला लावायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. यांनी अधिकला लावलीय!"

पलीकडे नवऱ्याचं शिलाई मशीन चालू होतं. ते एकदम जोरात चालू झालं.

"असल्या माणसाला पक्कड हातात देऊ नये," मावशीचं चालूच होतं. "वायर जोडायची अक्कल नाही, आणि निघाले मोठे गाड्या उघडायला. यांच्या आईने यांना..."

मशीन आता इतक्या जोरात चालत होतं की शिवणारा माणूस सीटकव्हर शिवतोय की विमान उडवतोय असा प्रश्न पडावा. मावशीने वायरी सरळ केल्या आणि पुढच्या कामाला लागली. काळे तुकडे ठोकून ठोकून बसवले, चकत्या लावल्या, कडी बसवली, तळाच्या फटींत बोट घातलं. मग उजवं दार. तिथल्या वायरी बरोबर होत्या. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा दोन्ही दारं तयार झाली. तिने टकटक केली. धप्प, धप्प. पिकल्या टरबुजासारखा भरीव आवाज. मान उभी हलली. नवरा नेमका तेव्हाच पाणी प्यायला आत गेला होता, त्यामुळे हा ऐतिहासिक क्षण कुणी पाहिला नाही.

मावशीचा एक नियम आहे. काम झालं की पहिलं गाणं मालकाचं आणि पहिला कान मालकाचा. ती स्वतः आधी लावून बघत नाही. स्वैपाक चाखून वाढायला आपण काय हॉटेल आहोत का, असं तिचं म्हणणं. तेवीस वर्षांत या नियमाने तिला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

चारला पाच मिनिटं कमी असताना मुख्याध्यापिका हजर. त्या पुढे बसल्या, मावशी शेजारी. काचा वर. बाईंनी फोनवरून गाणं लावलं. पहिलं कडवं गेलं. दुसरं सुरू झालं. बाई वाट बघत होत्या. मावशी वाट बघत होती. दुसरं कडवंही गेलं.

"आला का?" बाईंनी विचारलं.

मावशीच्या कानशिलावर घाम आला. बेस वाढला नव्हता. होता तोही गेला होता. गाणारी बाई एकटीच पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहून गातेय असं वाटत होतं.

"काल यापेक्षा बरं होतं का हो?" बाई म्हणाल्या. त्यांनी हे कुचकेपणाने विचारलं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "असू दे," त्या हळूच म्हणाल्या.

"असू दे नाही!" मावशी एकदम म्हणाली. "बसा. हलू नका."

घाबरण्याची तिला सवय नव्हती, त्यामुळे तिला ते नीट जमलंही नाही. घाबरायच्या ऐवजी ती विचार करू लागली. दारं चुकलेली नाहीत. दारं तिने स्वतः केलीत, आणि पेराने त्यांचा जबाब घेतलाय. मग? तिने स्टिरिओच्या बटणाने सगळा आवाज डावीकडे ढकलला. एकट्या डाव्या दारातून असा बेस आला की बाई दचकून सरळ बसल्या. तिने आवाज पूर्ण उजवीकडे नेला. उजवं दारही तसंच घुमलं. मग मधोमध आणला, दोन्ही दारं एकत्र. बेस गायब.

"एकेकटे असले की शहाणे," मावशी म्हणाली, "आणि एकत्र आले की एकमेकांचं तोंड बंद करतात."

"नवरा-बायकोसारखे?" बाई म्हणाल्या.

"अगदी. एक पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे खेचतोय. एकाच्या वायरी उलट्या आहेत." ती बोलता बोलता थांबली. "पण दारात तर मी सरळ केल्यात. माझ्या हाताने." आणि मग तिची नजर डॅशबोर्डवर गेली. दारात सरळ असूनही उलटं वाजत असेल तर दुसरी गफलत स्टिरिओच्या मागेच असणार. म्हणजे आधी दोन चुका होत्या, आणि दोघी मिळून बरोबर चालल्या होत्या. तिने सकाळी त्यातली एक सुधारली आणि दुसरी उघडी पडली.

पाच मिनिटांत तिने स्टिरिओ सोडवून पुढे ओढला. मागे वायरींचं जंजाळ. डाव्या स्पीकरच्या दोन वायरी इथेही उलट्या जोडल्या होत्या, आणि जोडाला काळी चिकटपट्टी लावलेली नव्हती. दोरा गुंडाळला होता. तपकिरी, मेण लावलेला, जाडा नायलॉनचा दोरा. असा दोरा वायरींना जगात कुणी गुंडाळत नाही. असा दोरा सीटकव्हरला वापरतात.

पलीकडचं शिलाई मशीन थांबलं होतं.

"अहो," मावशी म्हणाली. आवाज अगदी मऊ होता. तिच्या नवऱ्याला तिचा मोठा आवाज चालायचा. या मऊ आवाजाने मात्र त्याची पाचावर धारण बसायची.

मुख्याध्यापिकांना एव्हाना सगळा उलगडा झाला होता. पस्तीस वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बोलली. "कोणी केलंय हे? हात वर करा."

आणि मावशीच्या नवऱ्याने, म्हणजे सीटवाल्यांनी, खरोखरच हात वर केला. बोटात शिवणकामाचं टोपण तसंच.

"गाडी तेव्हा औषधांच्या दुकानदाराची होती," ते दारात येऊन म्हणाले. "पांढरी होती, निळा रंग नंतरचा. अकरा वर्षं झाली. तू बहिणीच्या बाळंतपणाला गेली होतीस. त्याला स्टिरिओ घाईने हवा होता. मी बसवला. पण इथे काहीतरी उलटं झालं आणि बेस येईना. डॅशबोर्ड पुन्हा कोण उघडणार? म्हणून मग दारात पण उलटं केलं. झालं सरळ."

"आणि सकाळी मी त्या दिवट्याचा उद्धार करत होते तेव्हा?"

"तेव्हा मी म्हटलं, होऊ दे बोलून एकदा."

"त्याच्या आईपर्यंत गेले मी!"

"हो, मला जरा वाईट वाटलं," सीटवाले म्हणाले. "म्हटलं, तुझीच सासू आहे."

मुख्याध्यापिका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मावशीला हसू येत होतं आणि यायला नको होतं. तिने पक्कड उचलली. "दारातच पुन्हा उलटं कर, दोन मिनिटांत होईल," नवरा सुचवू लागला, तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुपचूप काळी चिकटपट्टी शोधायला गेला. तिने दोरा कापला, वायरी सोडवल्या, सरळ जोडल्या, पट्टी गुंडाळली, स्टिरिओ परत आत ढकलला. "आता गाडीत एकही चूक नाही," ती म्हणाली. "एकमेकींवर टेकून उभ्या असलेल्यासुद्धा नाहीत. लावा, बाई."

बाईंनी गाणं लावलं. काचा बंद. पहिलं कडवं गेलं. मावशीने मुद्दाम समोर पाहिलं. माणूस ऐकत असताना त्याच्या तोंडाकडे बघू नये, हाही तिचा नियम.

दुसरं कडवं आलं आणि गाण्याच्या खाली जमीन आली. आवाज मोठा नव्हताच. जाड, सावकाश, एकेक पाऊल टाकत कुणीतरी जिना चढावा तसा तो चढत गेला आणि दाराच्या कडेवर ठेवलेल्या बाईंच्या कोपरातून वर गेला. बाईंनी कोपर काढलं नाही. तळवा उघडून दारावर सपाट टेकवला.

"हा?" त्यांनी विचारलं.

"हाच."

गाणं संपलं. बाईंनी पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यांनी दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरला, आणि मावशीला वाटलं, आता यांच्या डोळ्यांना पाणी येणार. तिने हळूच नवऱ्याला खूण करून पाण्याचा ग्लास मागवला.

"घाई करतो," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"काय?"

"कडवं संपताना. ऐका." त्यांनी गाणं मागे नेलं. "इथे. ही चढण. तीन पायऱ्या नीट चढतो आणि चौथी गाळून उडी मारतो. गणितातसुद्धा असंच. उत्तर दिसलं की मधल्या पायऱ्या खाल्ल्याच." त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं, जसं कधीकाळी उत्तरपत्रिका तपासताना येत असेल. "पण बाकी..." त्यांनी गाणं बंद केलं. "बाकी फार छान वाजवतो हो तो. मला खरंच कळलं. मी त्याला हेच सांगणार. दोन्ही."

मावशीला क्षणभर वाटलं, आपण बाईंना मुलगा दिला की मुलाला परीक्षक दिला? पण तिने दार लावून घेतलं, धप्प आवाज झाला, आणि निळी गाडी चाकं सरळ करून निघाली.

शनिवारी दुपारी मावशी एका टॅक्सीचं पॅड उतरवत होती, तेव्हा फोन वाजला. बाईंचा नंबर, आवाज मात्र पुरुषाचा.

"त्या दारांच्या मावशी तुम्हीच का?"

"मीच."

"मी बेसवाला. तुम्ही काय करून ठेवलंय हे? विमानतळापासून माझी आई एकच ओळ लावतेय. एकच! आता रस्त्याच्या कडेला गाडी उभी केलीय आणि म्हणतेय, पायऱ्या दाखव."

"मग? चुकलंय का बाईंचं?"

तो हसला. "नाही हो. घाई झालीच आहे. सोळा माणसं होती रेकॉर्डिंगला, कुणाला कळलं नाही. मलाच माहीत होतं. आणि आता हिला."

मागून मुख्याध्यापिकांचा आवाज आला, "त्या रेकॉर्डिंगवाल्यांना सांग, पुन्हा वाजवून घ्या म्हणावं!"

"आई, गाणं बाजारात आलं! आता कसं पुन्हा वाजवणार?"

"मग पुढच्या वेळी लक्षात ठेव. आणि आता गप्प बस, सुरू होतंय."

फोन तसाच चालू राहिला. मावशी पायरीवर बसली आणि कान देऊन ऐकू लागली. एवढ्याशा फोनमधून बेस कुठला यायला? गाणाऱ्या बाईची चिवचिव तेवढी येत होती. पहिलं कडवं गेलं. मग चिवचिव तशीच चालू असताना, तिच्यावरून, बाईंचा आवाज आला.

"हं," त्या म्हणाल्या. "हा बघ, आलास."